लॅक्टेट प्रो २ : पोटशुळाच्या घोड्यापाशी हे मीटर कितपत कामाचं?

जपानच्या आर्क्रे कंपनीचं लॅक्टेट प्रो २ हे मीटर मुळात माणसांसाठी आहे. धावपटू, सायकलपटू, पोहणारे यांच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं आणि त्यातल्या लॅक्टेटवरून (ऑक्सिजन कमी पडला की पेशी जे तयार करतात, त्यावरून) अंगावर किती ताण आलाय ते बघायचं, एवढंच त्याचं काम. घोड्यांच्या डॉक्टरांनी अशी मीटरं उचलली ती वेगळ्या कारणासाठी. शुळाने लोळणाऱ्या घोड्याच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटलाय का, आणि पोट उघडलं तर तो जिवंत घरी जाण्याची शक्यता किती, याचा अंदाज पागेतच बांधता येतो का, हे त्यांना बघायचं होतं. हा आढावा तेवढ्याच वापरापुरता आहे.

मत आधीच सांगून टाकतो. मीटर घ्यावं. पण रक्ताचा एक आकडा बघून मालकाला ‘वाचेल’ किंवा ‘नाही वाचणार’ असं सांगायला घेणार असाल, तर पैसे वाया घालवू नका. याचे पैसे दोनच ठिकाणी वसूल होतात : पोटातलं पाणी तपासताना, आणि सलाइन दिल्यावर दुसऱ्यांदा मोजताना.

यंत्र

मीटर मुठीत मावतं. प्रत्येक पट्टी वेगळ्या पाकिटात बंद असते. पट्टी खोचली की मीटर सुरू होतं, कोड वगैरे घालावा लागत नाही. पट्टीचं टोक थेंबाला लावलं की ती रक्त आपोआप ओढून घेते. ०.३ मायक्रोलिटर पुरतं, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढंसुद्धा नाही. १५ सेकंदांत आकडा येतो. मोजण्याची मर्यादा ०.५ ते २५ मिलिमोल प्रति लिटर. पुढे सगळीकडे याच एककात आकडे दिले आहेत. तुमची लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये रिपोर्ट देत असेल तर त्याला ९ ने भागा. लॅबचे ५४ म्हणजे इथले ६. फोनवर आकडे सांगताना हा घोळ नेहमी होतो, म्हणून एकक उच्चारल्याशिवाय आकडा सांगायचाच नाही.

पट्टीवर लॅक्टेट ऑक्सिडेज हे एन्झाइम असतं. ते फक्त एल-लॅक्टेट ओळखतं, म्हणजे घोड्याच्या स्वतःच्या पेशींनी ऑक्सिजन कमी पडल्यावर तयार केलेलं. आतड्यातले जिवाणू जे डी-लॅक्टेट बनवतात ते या मीटरला दिसत नाही. चंदी जास्त खाऊन पोट बिघडलेल्या घोड्याचा आकडा वाचताना हे लक्षात असू द्या.

निरोगी, उभ्या, शांत घोड्याचं रक्तातलं लॅक्टेट २ च्या खाली असतं, बहुतेकदा १.५ च्याही खाली. पोटातल्या पाण्याचं त्याहून कमी.

रक्त कसं घ्यायचं

माणसासारखं टोचून थेंब काढायच्या फंदात पडू नका. घोड्याच्या हिरडीला किंवा ओठाला टोचलं तर थेंबात लाळ मिसळते. मानेच्या शिरेतून २० किंवा २१ गेजच्या सुईने १ मिली रक्त घ्या, पहिला थेंब कापसावर सोडा, दुसरा स्वच्छ काचपट्टीवर किंवा सिरिंजच्या टोकाशी लटकता ठेवा आणि पट्टीचं टोक त्याला कडेने टेकवा. पट्टी थेंबात बुडवायची नाही. रक्त कमी ओढलं गेलं आणि एरर आली तर ती पट्टी गेली. वरून दुसरा थेंब लावून ती वाचवायचा प्रयत्न करणारे बरेच जण असतात आणि मग ते चुकीच्या आकड्यावर चर्चा करत बसतात. शूळ उठलेला घोडा घामाने निथळत असतो, तेव्हा आधी मान पुसून घ्या. स्पिरिट लावलं असेल तर ते पूर्ण वाळू द्या.

घोडा पाच मिनिटांपूर्वी जमिनीवर लोळत होता, चौघांनी मिळून त्याला उठवलं, नाकावर पिरगाळणी लावली आणि लगेच रक्त घेतलं, तर स्नायूंतलं लॅक्टेटही त्या आकड्यात आलंच. शक्य असेल तर गुंगीचं औषध देऊन दहा मिनिटं थांबा. शक्य नसेल तर आकड्यासमोर ‘लोळल्यानंतर लगेच’ असं लिहून ठेवा.

मोजणी तिथल्या तिथे करा. सिरिंजमधल्या लाल पेशी साखर जाळत राहतात आणि लॅक्टेट वाढत जातं. लॅबला पाठवायचंच असेल तर फ्लोराइड-ऑक्झलेटची, राखाडी बुचाची नळी वापरा आणि बर्फात ठेवा.

आरएलची बाटली : सर्वांत मोठा घोटाळा

या मीटरच्या नावाने जितक्या तक्रारी कानावर येतात, त्यांतल्या बऱ्याचशा मीटरच्या नसतातच, त्या कॅथेटरच्या असतात. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट हे सलाइन, आणि त्यात लॅक्टेट २८ मिलिमोल प्रति लिटर असतं. डाव्या शिरेत कॅथेटर आहे, आरएल चालू आहे, आणि कुणीतरी सोपं पडतं म्हणून त्याच कॅथेटरच्या थ्री-वेमधून (तीन तोंडांच्या तोटीतून) रक्त ओढलं. नमुन्यात दहावा हिस्सा आरएल मिसळलं तरी काय होतं बघा. घोड्याचं खरं लॅक्टेट २ आहे. त्याच्या नऊ हिश्शांचे १.८ आणि आरएलच्या एका हिश्शाचे २.८, मिळून मीटर ४.६ दाखवणार. सलाइन देऊनही आकडा दुपटीने वाढला असं वाटून मालकाला नको ती बातमी दिली जाते.

उपाय साधा आहे. नमुना नेहमी दुसऱ्या बाजूच्या शिरेतून, नव्या सुईने घ्यायचा. ती बाजू शिल्लक नसेल तर ड्रिप पाच मिनिटं बंद ठेवा आणि पहिलं १५-२० मिली रक्त टाकून द्या. आरएल दिल्यानेच घोड्याचं लॅक्टेट वाढतं ही समजूत मात्र काढून टाका. यकृत धडधाकट असेल तर ते लॅक्टेट वापरलं जातं आणि रक्ताभिसरण सुधारल्याने आकडा खालीच येतो.

घट्ट रक्त आणि खोटा कमी आकडा

हा भाग नीट वाचा, कारण मीटर इथे उलट्या बाजूने फसवतं. शुळाच्या घोड्याचं पाणी आतड्यात साचतं आणि रक्त घट्ट होतं. पीसीव्ही, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा हिस्सा, नेहमी ३२ ते ४५ टक्के असतो, तो ५५-६० वर जातो. संपूर्ण रक्तावर चालणारी हातातली मीटरं अशा घट्ट रक्तात खरं लॅक्टेट असेल त्यापेक्षा कमी दाखवतात, कारण थेंबात प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग) कमी असतो. म्हणजे ज्या घोड्याची अवस्था सर्वांत वाईट, त्याच्याच बाबतीत मीटर दिलासा देतं.

यावर घोड्यानेच सोय करून ठेवली आहे. त्याच्या लाल पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि इतर जनावरांच्या मानाने फार झपाट्याने तळाला बसतात. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेल्या नळीत रक्त घ्या, नळी उभी ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत वर पिवळा प्लाझ्मा सुटा होतो, सेंट्रिफ्यूज लागत नाही. त्या प्लाझ्माचा थेंब पट्टीला लावा. पीसीव्ही ५० च्या वर असेल तर रक्त आणि प्लाझ्मा दोन्ही मोजायचे आणि विश्वास प्लाझ्मावर ठेवायचा. मात्र एकदा प्लाझ्मावर मोजायला लागलात की पुढच्या सगळ्या मोजण्या प्लाझ्मावरच करा. मधेच रक्तावर आलात तर चढ-उतार घोड्याचा की नमुन्याचा, ते कळणार नाही.

पोटातलं पाणी

मीटर यासाठीच घ्यायचं. आतड्याला पीळ किंवा फास बसला की आधी त्याची शीर दबते, रक्त आत अडकतं, आणि तो तुकडा बाकीच्या शरीरापासून जवळपास तुटतो. त्या तुकड्यात तयार झालेलं लॅक्टेट मानेच्या शिरेत यायला वेळ लागतो, पण आतड्याच्या भिंतीतून झिरपून पोटाच्या पोकळीत ते लवकर उतरतं. रक्ताचं लॅक्टेट १.८ आणि पोटातल्या पाण्याचं ५, असा घोडा अजून चांगला दिसत असतो, नाडीही पन्नासच्या आसपास असते, आणि नेमका तोच लगेच टेबलावर घ्यायचा असतो. सहा तासांनी दोन्ही आकडे वर असतील, तेव्हा मीटरची गरजच उरणार नाही.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तपुरवठा तुटलेल्या घोड्यांच्या पोटातल्या पाण्याचं लॅक्टेट सरासरी ८.४५ होतं, तर नुसता अडथळा असलेल्यांचं २.०९. एवढा ढळढळीत फरक रक्ताच्या आकड्यात दिसत नाही.

पाणी काढायची पद्धत अशी. पोटाच्या तळाची सर्वांत खोलगट जागा धरा, छातीच्या हाडाच्या टोकामागे साधारण एक वीत, आणि मध्यरेषेच्या थोडं उजवीकडे, कारण डावीकडे प्लीहा असते. केस काढा, जागा ऑपरेशनसारखी धुवा. १८ गेजची दीड इंची सुई बहुतेक घोड्यांना चालते. अंगाने भरलेल्या घोड्यात तिथे चरबीचा जाड थर असतो, तिथे जागा बधिर करायला २-३ मिली लिग्नोकेन देऊन १५ नंबरच्या ब्लेडने छोटी चीर द्या आणि टीट कॅन्युला (बोथट टोकाची नळी) घाला. कॅन्युला आधी गॉजच्या तुकड्यातून ओवून घ्या, म्हणजे चिरेचं रक्त गॉजमध्ये जिरेल आणि पाण्यात उतरणार नाही. पाणी येत नसेल तर सुई जागेवरच गोल फिरवा किंवा दुसरी सुई शेजारी घाला. बऱ्याचदा आत हवा शिरते आणि पाणी वाहू लागतं. पहिले काही थेंब सोडून द्या, एक थेंब पट्टीला, बाकीचं ईडीटीएच्या नळीत.

पट्टीकडे बघण्याआधी पाण्याकडे बघा. स्वच्छ, गवताच्या फिक्या पिवळ्या रंगाचं, प्रथिनं २.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, म्हणजे ठीक. लालसर, गढूळ असेल तर रक्तपुरवठा तुटल्याचा दाट संशय. चाऱ्याचे कण आणि घाण वास असेल तर एक तर सुई आतड्यात गेली आहे किंवा आतडं फुटलं आहे. लॅक्टेटचा आकडा यातला कुठलाही प्रश्न सोडवत नाही. सुई दुसऱ्या जागी घालून, सोनोग्राफी करूनच निवाडा करायचा.

वाळू खाल्लेल्या घोड्यात जड झालेलं मोठं आतडं पोटाच्या तळावर टेकलेलं असतं आणि सुई थेट त्यात जाते. अशा घोड्यात आधी सोनोग्राफी करा, पाण्याची जागा दिसली तरच सुई घाला. शिंगरात तर सोनोग्राफीशिवाय सुई घालूच नये. त्यांच्या आतड्याची भिंत पातळ असते, आणि कॅन्युलाच्या भोकातून ओमेंटम (आतड्यावरचा चरबीचा पडदा) बाहेर येण्याचा धोकाही असतो.

एक तांत्रिक बाब. मीटर रक्तासाठी बेतलेलं आहे, पोटातल्या पाण्यात पेशी जवळपास नसतातच. त्यामुळे तिथला आकडा लॅबच्या आकड्याशी तंतोतंत जुळेल ही अपेक्षा ठेवू नका. पोटातलं पाणी आणि प्लाझ्मा, दोन्ही एकाच मीटरवर, एकाच खोक्यातल्या पट्ट्यांनी मोजा आणि एकमेकांशी ताडून बघा. पोटातलं लॅक्टेट रक्ताच्या दुप्पट किंवा जास्त असेल तर आम्ही फास बसला आहे असंच धरतो. एक-दोन तासांनी परत मोजलं आणि ते ४ च्या वर चढत गेलं, तर शंका उरत नाही.

वाचेल का?

ऑपरेशन करावं का हा एक प्रश्न, आणि केलं तर वाचेल का हा दुसरा. पोटातलं पाणी मुख्यतः पहिल्याचं उत्तर देतं, पण दुसऱ्यावरही थोडा प्रकाश टाकतं. २००७ मधल्या एका युरोपीय अभ्यासाने पोटातल्या पाण्याच्या लॅक्टेटवरून मृत्यूची शक्यता अशी काढली : १ ला ११ टक्के, ६ ला २९, १२ ला ६३, १६ ला ८२. इथे कुठेही उभा कडा नाही, चढण आहे. ६ आले म्हणून हात टेकायचं कारण नाही हे त्यातून दिसतं, आणि १६ वरही पाचातला जवळपास एक वाचतो हेही दिसतं.

रक्ताच्या बाबतीत ज्या ६ च्या आकड्याची फार चर्चा होते, तो अमेरिकेतल्या २००७ च्याच एका अभ्यासातला आहे. मोठ्या आतड्याला पीळ पडलेल्या घोड्यांत ऑपरेशनपूर्वीचं प्लाझ्माचं लॅक्टेट ६ च्या खाली असणं हे जगण्याचं लक्षण धरलं, तर संवेदनशीलता ८४ टक्के आणि विशिष्टता ८३ टक्के निघाली. म्हणजे जगलेल्यांतले ८४ टक्के घोडे ६ च्या खाली होते आणि मेलेल्यांतले ८३ टक्के ६ च्या वर. अनेक जण हे असं वाचतात की ६ च्या वर गेला की ८३ टक्के मरणार. तसं ते नाही. हिशेब करून बघू.

समजा तुमच्याकडे येणाऱ्या अशा १०० घोड्यांतले ७० एरवी वाचतात. त्या ७० पैकी ५९ चा आकडा ६ च्या खाली असेल, ११ चा वर. मरणाऱ्या ३० पैकी २५ चा वर, ५ चा खाली. आता ६ च्या वर एकूण ३६ घोडे झाले आणि त्यांतले ११ वाचले, म्हणजे दहात तीन. ६ च्या खाली ६४, त्यांतले ५९ वाचले.

आता दुसरी जागा घ्या, जिथे घोडा ट्रकमधून रात्रभर प्रवास करून उशिरा पोचतो आणि शंभरात ४० च वाचतात. कसोटी तितकीच नेमकी राहिली असं धरू. ६ च्या खाली ४४ घोडे, त्यांतले ३४ वाचतात. ६ च्या वर ५६, त्यांतले फक्त ६. मीटर तेच, आकडा तोच, पण एकीकडे ६ च्या वर दहात तीन आणि दुसरीकडे दहात एक. म्हणून परदेशी आकडे मालकाला जसेच्या तसे सांगण्यात अर्थ नाही. आपल्या दवाखान्यात किती वाचतात याची नोंद ठेवलेली नसेल, तर या मीटरचा आकडा निम्माच उपयोगाचा.

शिवाय हा ६ चा आकडा मोठ्या आतड्याच्या पिळाचा आहे. लहान आतड्याचा फास, म्हाताऱ्या घोड्यात चरबीच्या गाठीच्या देठाने आवळलेलं आतडं, कोरड्या कडब्याने बसलेला गोटा, या सगळ्यांना तोच लावणं चूक. गोट्याच्या घोड्याला पाणी कमी पडल्यामुळे लॅक्टेट ३ पर्यंत चढतं आणि सलाइनने उतरतं. त्याचं पोट उघडण्याची बहुधा वेळच येत नाही.

दुसरा आकडा

पहिल्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : पाणी कमी पडल्याने अंगभर रक्त कमी पोचणं, आणि आतड्याचा तुकडा मरत असणं. पहिली सलाइनने सुधारते, दुसरी नाही. त्यामुळे सलाइन देऊन पुन्हा मोजलं की या दोन गोष्टी वेगळ्या होतात. ४५० किलोच्या घोड्याला ७.२ टक्क्यांचं हायपरटॉनिक (जास्त मिठाचं) सलाइन किलोमागे ४ मिली, म्हणजे १.८ लिटर, आणि मागोमाग १०-२० लिटर आरएल. अर्ध्या लिटरच्या बाटल्या लावायच्या झाल्या तर २० लिटरला ४० बाटल्या लागतात. त्या बदलायला एक माणूस मोकळा ठेवावा लागतो हे आधीच ठरवा.

सलाइन सुरू झाल्यावर एक ते दोन तासांनी, दुसऱ्या बाजूच्या शिरेतून पुन्हा मोजा. ७ चे ४ झाले, नाडी ७२ वरून ५६ वर आली, हिरड्यांचा रंग सुधारला, तर भूल सोसण्याची त्याची तयारी वाढली. ७ चे ७ च राहिले किंवा ९ झाले तर आत काहीतरी मरत आहे. साचलेलं रक्त पुन्हा फिरू लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात आकडा थोडा वर उडी मारू शकतो, म्हणून फार लवकर मोजू नका. आणि वेदनाशामक देऊनही घोडा आवरत नसेल, नाकातून घातलेल्या नळीवाटे लिटरच्या लिटर पाणी परत येत असेल, गुदमार्गातून हाताला फुगलेलं लहान आतडं लागत असेल, तर दुसऱ्या आकड्याची वाट बघत बसणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. त्याला टेबलावर घ्या, मोजणी भूल देता देताही होते.

फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाने वेदना झाकली जाते आणि घोडा बरा वाटायला लागतो. लॅक्टेट मात्र त्या औषधाने उतरत नाही. साइस ‘आता शांत झालाय’ म्हणतो आणि आकडा ३ वरून ५ वर गेलेला असतो, तेव्हा आकड्याचं ऐकायचं.

मीटर कुठे गप्प बसतं

काही ठिकाणी फास असूनही पोटातलं पाणी स्वच्छ येतं. आतडं एपिप्लोइक फोरामेनमधून (यकृताजवळच्या नैसर्गिक फटीतून) आत गेलेलं असेल, अंडकोशाच्या पिशवीत उतरलं असेल, किंवा एका आतड्यात दुसरं शिरलं असेल, तर मरणाऱ्या भागाचं पाणी मुख्य पोकळीत पोचत नाही. १.५ चा आकडा बघून अशा घोड्याला थांबवून ठेवलं तर तो हातचा जातो.

पोनींचं गणित वेगळं आहे. शुळाने आलेल्या पोनी आणि छोट्या जातीच्या घोड्यांत लॅक्टेट मोठ्या घोड्यांपेक्षा जास्त असतं, पण तेवढ्या प्रमाणात मृत्यू जास्त नसतात, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. थंड हवेच्या ठिकाणच्या तट्टांवर काम करणाऱ्यांनी मोठ्या घोड्यांची मोजपट्टी त्यांना लावू नये. नुकत्याच जन्मलेल्या शिंगराचं लॅक्टेटही निरोगी असून ३-४ असू शकतं आणि पुढच्या एक-तीन दिवसांत उतरतं.

ऑपरेशननंतर पहिले २४ तास दर सहा तासांनी मोजा. उतरून २ च्या खाली आलं आणि तिथेच राहिलं तर चांगलं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी जे घोडे जातात ते बहुधा आतडी न हलल्याने, एंडोटॉक्सिनमुळे (जिवाणूंच्या विषामुळे), खुरांच्या लॅमिनायटिसमुळे (आतल्या सुजेमुळे) किंवा टाक्यांच्या संसर्गातून. हे संकट येतंय असं लॅक्टेट आधी सांगत नाही, आलं की मग चढतं. आणि पोट उघडल्यावर आतड्याचा रंग, भिंतीची जाडी, कापलेल्या कडेचं रक्त जे सांगतं, त्यापुढे आधीचे सगळे आकडे गौण.

दुसरे पर्याय

अॅबॉटचं आय-स्टॅट, सीजी४+ कार्ट्रिजसह, लॅक्टेटबरोबर पीएच आणि रक्तवायूही देतं. भूल देणाऱ्याला ते फार हवं असतं. पण कार्ट्रिजला सुमारे ९५ मायक्रोलिटर रक्त लागतं, कार्ट्रिज फ्रीजमध्ये ठेवावी लागते, आणि यंत्र १६ ते ३० अंशांतच चालतं. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या तबेल्यात ते तापमानाची एरर दाखवून बंद पडणार. वातानुकूलित ऑपरेशन थिएटरसाठी उत्तम, गाडीत फिरवायला नाही. रोशचं अॅक्युट्रेंड प्लस फोटोमीटरवर चालतं, त्याला मोठा थेंब आणि ६० सेकंद लागतात. प्लाझ्मावर ते ठीक आहे. साखर मोजायच्या मीटरची पट्टी इथे चालत नाही, हे वेगळं सांगायची गरज नसावी, पण विचारणारे भेटतात. साखर मात्र वेगळी मोजून ठेवा. शुळात ती फार चढलेली असली तर तेही वाईट लक्षण आहे. फक्त झायलाझिन (गुंगीचं औषध) देण्याआधीची घ्या, कारण त्या औषधानेच साखर वाढते.

घेताना आणि ठेवताना

मीटरपेक्षा पट्ट्या महाग पडतात, हा हिशेब पहिल्याच दिवशी करा. एका घोड्यामागे पट्ट्या किती लागतात? सुरुवातीला रक्ताच्या दोन, कारण दोन मोजण्यांत अर्ध्या मिलिमोलहून जास्त फरक आला तर तिसरी लागतेच. पोटातल्या पाण्याची एक, सलाइननंतर दोन, ऑपरेशननंतर पहिल्या दिवसात चार. नऊ-दहा सहज जातात. २५ चं खोकं म्हणजे अडीच घोडे. महिन्याला एखादाच शुळाचा घोडा बघणाऱ्याने मोठा साठा करू नये, मुदत संपून जाते.

खेळाच्या वैद्यकीय वस्तू विकणाऱ्यांकडून मागवताना आधी पट्ट्यांची मुदत विचारा, मीटरची किंमत नंतर. मुदतीला सहा महिन्यांपेक्षा कमी राहिले असतील तर परत करा. पट्ट्या ३० अंशांच्या वर ठेवायच्या नाहीत. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तासाभरात त्याच्या कितीतरी वर जातो, म्हणून लसींच्या थर्मास पेटीत, बर्फाच्या पिशवीला थेट न टेकता ठेवा आणि वापरण्याआधी पाच-दहा मिनिटं बाहेर काढा. पाकीट फोडलं की पट्टी लगेच वापरायची.

मीटरमध्ये ३३० नोंदी राहतात, पण तारीख आणि वेळ आधी लावून ठेवली नाही तर त्यांचा काही उपयोग नाही. नोंदीसाठी प्रत्येक घोड्याला एक कागद करा आणि त्यावर वेळ, नमुना रक्ताचा, प्लाझ्माचा की पोटातल्या पाण्याचा, कुठल्या बाजूची शीर, तोवर किती लिटर सलाइन गेलं, नाडी, पीसीव्ही आणि प्रथिनं, एवढं लिहा. घोडा दुसऱ्या दवाखान्यात हलवायचा झाला तर तो कागद ट्रकबरोबर द्या. तिथला सर्जन पहिलं लॅक्टेट किती होतं आणि कधीचं, हेच आधी विचारणार आहे.